सातवी ब आणि बटणांची बरणी

मुलांना वळण कसं लावायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. बावीस वर्षं झाली मला या नोकरीत! माझा आवाजच असा आहे की मी वर्गात ‘गप्प बसा’ म्हटलं की रस्त्यापलीकडचा चपलांचा दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाशी बोलायचा थांबतो. हे त्यानं मला स्वतः येऊन सांगितलंय. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं की आणखी काही, ते मात्र मी निरखून पाहिलं नाही.

त्यामुळे मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला खाली त्यांच्या खोलीत बोलावलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी सत्कारबित्कार असणार. मी कॉलर नीट करून गेलो.

“सर, सातवी ब माझ्या डोक्यावर बसलीय,” बाई म्हणाल्या.

“सगळ्यांच्याच बसलीय, बाई!” मी हसलो.

“मी खरोखरीचं सांगतेय. तुमचा वर्ग माझ्या खोलीच्या बरोब्बर वर आहे. तिथून जो आवाज येतो ना, त्यानं माझी पेनं टेबलावरून घरंगळतात. तीन आठवड्यांनी तपासणीसाहेब येतायत. तोपर्यंत हा आवाज थांबला नाही, तर मी तो वर्ग फोडणार. निम्मी मुलं अ मध्ये, निम्मी क मध्ये. आणि तुम्ही नकाशांच्या खोलीत.”

नकाशांची खोली म्हणजे जिन्याखालची अंधारी जागा. तिथे एक पृथ्वीचा गोल आहे, त्याला दक्षिण ध्रुव नाही. पण खरं सांगू का, मला त्या खोलीचं काही वाटलं नाही. मी हबकलो ते वर्ग फोडण्याच्या बोलण्यानं. एक्केचाळीस कार्टी आहेत, एकेक नग आहे! पण पाचवीपासून मीच त्यांना वर घेऊन आलोय. कोण कुणाला गणित दाखवतं, कोण कुणाच्या डब्यावर जगतं, कोण रुसलं की कुणी समजूत काढायची, सगळं मला पाठ आहे. तो वर्ग म्हणजे माझं दुसरं घर आहे, आणि घर असं दोन ढिगांत वाटता येत नाही.

“म्हणजे तुम्ही माझा वर्ग फोडणार?” मी अगदी हळू आवाजात विचारलं.

बाईंनी कानावर हात ठेवले. त्यांनाही वाईट वाटलं असणार.

हे बोलणं मी कुणालाही कळू द्यायचं नाही असं ठरवलं. मुलांना तर मुळीच नाही. उगीच त्यांच्या जिवाला घोर कशाला?

नशिबानं त्याच आठवड्यात शिक्षकांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं. विषय : विद्यार्थ्यांचं वर्तन बदलण्याची तंत्रं. एरवी मी अशा ठिकाणी मागच्या रांगेत बसून डुलकी काढतो. या वेळी पहिल्या रांगेत बसलो. शिकवायला एक ताई होत्या, वयानं माझ्या निम्म्या, आणि आवाज इतका बारीक की ऐकायला सगळा हॉल पुढे वाकून बसलेला! त्यांनी बरंच काही सांगितलं. मी दोनच गोष्टी उचलल्या. पहिली, बरणी. वर्गात काही चांगलं घडलं की बरणीत एक मणी टाकायचा, आणि एकदा पडलेला मणी काहीही झालं तरी परत काढायचा नाही. बरणी भरली की सगळ्या वर्गाला बक्षीस. दुसरी, दुर्लक्ष. जो हात वर न करता बोलेल, त्याचं ऐकूच आलं नाही असं वागायचं.

“वाईटाकडे काणाडोळा, चांगल्याकडे लक्ष. हे कुणावरही चालतं,” ताई म्हणाल्या.

मी ‘कुणावरही’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

घरी आलो तो मणी कुठून आणायचे या विचारात. बायको शिवणकाम करते. समोरच्या खोलीत तिचं मशीन, आणि मशीनवरच्या फळीवर बटणांचे डबे. मण्यांऐवजी बटणं, काय बिघडलं? त्याच फळीवर कोपऱ्यात काचेची एक छोटी बरणीही होती. तळाशी पाच-सहा बटणं होती तिच्यात. मी ती उचलली मात्र!

“अहो, तिला हात लावू नका!” बायको कडाडली.

“अगं, रिकामीच तर आहे.”

“ती वेगळी आहे. ठेवा खाली. जॅमची बरणी घ्या स्वयंपाकघरातली. आणि बटणं त्या निळ्या डब्यातली घ्या, सुटी आहेत.”

फळीवर निळे डबे दोन होते. मी कोणता घेतला असेन हे तुम्ही ओळखलं असेलच. तुम्हाला जे ओळखता येतं ते मला त्या वेळी आलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात बरणी टेबलावर ठेवली, गळ्यापाशी लाल रेघ ओढली आणि नियम सांगितले.

“बक्षीस काय, सर?” एकानं विचारलं. हा पहिल्या बाकावरचा. याला दिवसातून चाळीस शंका येतात, म्हणून सगळे त्याला शंकासूर म्हणतात.

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

“सर? सर, बक्षीस? सरांना ऐकू येत नाहीये का रे?”

“हात वर कर, मूर्खा,” मॉनिटर पुटपुटली. दोन घट्ट वेण्या, आणि वयाच्या बाराव्या वर्षी साठ वर्षांचा शहाणपणा, अशी ही मुलगी.

त्यानं हात वर केला. मी गर्रकन वळलो, “शाब्बास!” म्हणालो आणि पहिलं बटण बरणीत टाकलं. टण्ण!

काय सांगू तुम्हाला, वर्गाच्या अंगात वारं शिरलं! फळा पुसायला एका वेळी सहा जण धावले. एकीला शिंक आली तर नऊ हातरुमाल पुढे आले. बक्षीस काय घ्यायचं ते तुम्हीच ठरवा, असं मी उदारपणे सांगितलं. त्यांनी मधल्या सुट्टीत डोकी एकत्र करून एक चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि बरणीखाली ठेवली. बरणी भरल्यावरच उघडायची!

दुर्लक्षाचं तंत्र तर इतकं रुजलं की मलाच भीती वाटायला लागली. शिपाईमामा दारात येऊन म्हणाले, “सर, सूचनावही आणलीय.” एक मान वळली नाही. “सर, सही!” शुकशुकाट. शेवटी शंकासुरानं तोंडाच्या कोपऱ्यातून सांगितलं, “मामा, हात.” बिचाऱ्या मामांनी वही काखेत मारून हात वर केला, तेव्हा त्यांना सही मिळाली. वर बरणीत एक बटणही पडलं. मामा इतके खूश झाले की त्या दिवशी ते आणखी तीनदा आले.

आणि आवाज? आवाज बंद! आठ-दहा दिवसांत मलाही घसा ताणावा लागेनासा झाला. मी हळू बोललो की एक्केचाळीस जोडी डोळे माझ्यावर. चुकून आवाज चढला की सगळे एकदम पुस्तकात. बघा, कसं वळण लागलं, असं मी मनाशी म्हणायचो. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याला दोन बोटं कमी पडू लागली.

तेवढ्यात तपासणीच्या दोन दिवस आधी घरी स्फोट झाला.

“अहो, सोनेरी बटणं कुठायत? कोटाची! आठ होती, या डब्यात!”

माझ्या डोळ्यांसमोर जॅमची बरणी आली. तिच्यात मधूनमधून चमकणारं काहीतरी होतं खरं. वर्गानं एकदम मोठं काही केलं की मी ती थोराड सोनेरी बटणं टाकत असे, कौतुकानं.

“तुमच्याशी बोलतेय मी! गुरुवारी सकाळी नऊला गिऱ्हाईक कोट न्यायला येणार. नवीन बदलून आलेले कुणी मोठे साहेब आहेत, त्यांची स्वतःची बटणं आहेत ती. आजोबांच्या कोटावरची! ती हरवली तर मी दुकानाची पाटी उतरवायची का?”

आता मला काय बुद्धी झाली कोण जाणे! ताई म्हणाल्या होत्या ना, कुणावरही चालतं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

“अहो!”

“हात वर केल्याशिवाय मला ऐकू येत नाही,” मी शांतपणे म्हणालो.

तिनं हात वर केला. त्या हातात लाकडी गज होता, कापड मोजायचा. मला एकदम सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

“उद्या आणतो,” मी म्हणालो.

पण आणणार कसा? पडलेलं बटण काढायचं नाही, हा नियम मीच छातीठोकपणे सांगितलेला. बरणी लाल रेघेला जवळजवळ टेकलेली. आठ थोराड बटणं काढली तर ती दोन बोटं खाली जाणार! बुधवारी सकाळी मी फळ्यापाशी उभा राहून घसा साफ केला आणि एक्केचाळीस जणांना खरं काय ते सांगून टाकलं. चुकून वेगळा डबा आला, बायको अडचणीत आहे, बटणं दुसऱ्याची आहेत. सांगताना मला शरमेनं मेल्यासारखं झालं.

मॉनिटरनं हात वर केला. “सर, तुम्ही मधल्या सुट्टीत बाहेर थांबा. आम्ही बघतो.”

मी बाहेर थांबलो. बावीस वर्षांच्या नोकरीत मला वर्गाबाहेर उभं केलेलं ते पहिल्यांदाच! सुट्टी संपल्यावर आत गेलो तर टेबलावर कागदाच्या पुडीत आठही सोनेरी बटणं. आणि बरणी जशीच्या तशी, रेघेच्या केसभर खाली! हे कसं झालं, मी विचारलं नाही. दुपारनंतर सगळ्यांनी उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली दिसली. वा, काय कामाचा उत्साह, असं मला वाटलं.

बायकोनं बटणं हिसकावून घेतली आणि गुरुवारी नऊच्या ठोक्याला घाईघाईनं टाके घालून कोट दिला.

साडेदहाला तपासणीसाहेब वर्गात आले. मागे मोठ्या बाई, त्यांच्या मागे शिपाईमामा. साहेब चांगले भरदार होते. अंगात नवाकोरा निळा कोट, आणि त्यावर दोन रांगांत आठ सोनेरी बटणं.

ती मी लगेच ओळखली आणि टेबलाच्या आड सरकलो. पण वर्ग असा होता की टाचणी पडली तर ऐकू यावी. साहेब प्रसन्न झाले.

“नमस्कार, मुलांनो! कसे आहात?”

कुणी हललं नाही.

“अं? काय चाललंय अभ्यासाचं?”

एक्केचाळीस चेहरे सरळ फळ्याकडे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलांना डोळ्यांनी खुणावलं, भुवयांनी खुणावलं, कान हलवता येत असते तर तेही हलवले असते! ती कार्टी नियमाला इतकी पक्की की ढिम्म! बाईंचा चेहरा लाल व्हायला लागला. मला जिन्याखालची ती खोली दिसायला लागली.

“ही मुलं बोलत का नाहीत?” साहेबांनी विचारलं.

“साहेब,” मागून शिपाईमामा अनुभवाच्या सुरात म्हणाले, “हात वर करा.”

साहेब क्षणभर घुटमळले. मग, माणूस मोठा खरा, त्यांनी हात खाडकन वर केला. घाईत घातलेले टाके ते! वरचं बटण सुटलं, हवेत उडालं, मॉनिटरच्या बाकावर आपटलं आणि गरगर फिरत थांबलं.

तिला वाटलं, हे बक्षिसाचंच. ती उठली, “हात वर केल्याबद्दल!” असं म्हणत तिनं ते बटण बरणीत टाकलं. टण्ण!

बरणी रेघेपर्यंत भरली!

एकच गलका झाला. “भरली! भरली!” सगळ्यांनी दोन्ही हात वर केले, आणि एक्केचाळीस उजव्या बाह्या खांद्यापर्यंत घसरल्या. एकाही बाहीला बटण नव्हतं.

“बटणं कुठे गेली?” मोठ्या बाई किंचाळल्या. “सगळ्यांची? सर, हा काय प्रकार आहे?”

शंकासुरानं रीतसर हात वर करून सगळं सांगितलं. “बाई, सोनेरी बटणं सरांनी चुकून आणली होती. ती काढली तर बरणी उतरली असती. एक सोनेरी म्हणजे पाच बारकी. आठ पंचे चाळीस. म्हणून प्रत्येकानं बाहीचं एकेक दिलं. एक जास्त झालं, ते आम्ही राहू दिलं.”

साहेब बरणीपाशी गेले. आपल्या आजोबांच्या बटणाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग छातीवरच्या उरलेल्या सात बटणांकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

“बक्षीस काय ठरलंय?” त्यांनी विचारलं. बोलायच्या आधी त्यांनी हात वर केला होता, बरं का!

मॉनिटरनं बरणीखालची चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. “आमचा वर्ग फोडू नका. आम्हाला हेच सर पाहिजेत.”

खोटं कशाला बोलू, डोळ्यांतून पाणीच आलं. या पोरांना काहीही कळू दिलं नव्हतं मी!

“तुम्हाला कुणी सांगितलं वर्ग फोडणार म्हणून?” मी विचारलं.

“तुम्हीच, सर,” मॉनिटर म्हणाली. “तुम्ही खाली बाईंच्या खोलीत बोललात, ते आम्हाला वर ऐकू आलं.”

“रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानातही ऐकू आलं,” शिपाईमामा म्हणाले. “त्यांनी मला विचारलं, कुठला वर्ग म्हणून.”

मोठ्या बाईंनी नाकावरचा चष्मा काढून पुसला. “हे बघा, वर्ग आता शांत आहे, हे मला मान्य आहे. पण मग आधी एवढा गोंधळ कोण करत होतं? त्याचं नाव मला हवंय!”

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मॉनिटरनं निमूटपणे दप्तरातून एक वही काढली आणि बाईंना दिली. वरती सुबक अक्षरात लिहिलं होतं : ‘सर’.

बाई मोठ्यानं वाचू लागल्या. “सोमवार. सर ओरडले, एकोणीस वेळा. मंगळवार, सतरा. बुधवार, सर हळू बोलले, सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओरडले, सगळ्यांनी पुस्तकात पाहिलं. गुरुवार, नऊ. शुक्रवार, चार...”

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“सरांचंच तंत्र, साहेब,” ती म्हणाली. “वाईटाकडे काणाडोळा, चांगल्याकडे लक्ष. मागे सर दोन दिवस आजारी होते ना, तेव्हा बाई वर बघायला आल्या होत्या, वर्ग घरी गेला की काय म्हणून. तेव्हाच आम्हाला कळलं आवाज कुणाचा ते. पण सरांना सांगणार कसं? त्यांना वाईट वाटलं असतं.”

“काय!” मी ओरडलो.

वर्गातल्या एक्केचाळीस माना एकदम पुस्तकात गेल्या. मॉनिटरनं बाईंच्या हातातून हळूच वही घेतली आणि एक रेघ मारली.

साहेब हसता हसता बाकावर बसले, तेव्हा आणखी एक बटण तुटलं. ते त्यांनी स्वतःच बरणीत टाकलं. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘या वर्गात वर्तन बदलण्याची तंत्रं अत्यंत यशस्वीपणे वापरली जातात.’ कुणी कुणावर वापरली ते लिहिलं नाही, एवढे उपकार केले. वर्ग फोडायचं रद्द झालं. बाईंनी तिथल्या तिथे तसं जाहीर केलं आणि जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “असंच हळू बोलत जा हो, सर. पेनं सरळ राहतात.”

संध्याकाळी मुलांना खेळाच्या कपड्यांत घरी पाठवून एक्केचाळीस शर्ट आणि एक निळा कोट पिशव्यांत भरून मी घरी घेऊन आलो. बायकोनं गज उचलायच्या आत मी जमिनीवर बसकण मारली, सुई घेतली आणि बाहीला बटण लावायला लागलो. तिनं मशीनवरून सगळी हकिकत ऐकली. ती हसली नाही, हे मला जरा चमत्कारिक वाटलं.

दहाव्या शर्टापाशी बोटाला सुई टोचली. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी अगदी हळू म्हणालो, “अगं, जरा चहा मिळेल का?”

बायको उठली, फळीवरची ती छोटी काचेची बरणी तिनं खाली काढली, आणि तिच्यात एक बटण टाकलं. टण्ण!

मी सुई खाली ठेवली. “ही... ही कधीपासून आहे?”

“लग्नापासून.”

“आणि भरल्यावर काय?”

“भरू तर द्या,” चहाला जाता जाता ती म्हणाली. “अजून तळ झाकायचाय.”